टेपमावशीचा चौथा धडा

आठवीनंतर टेपमावशी एकाही परीक्षेत नापास झाली नव्हती, कारण आठवीनंतर ती एकाही परीक्षेला बसलीच नव्हती. हा विक्रम वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत टिकला. मग एका सोमवारी सकाळी सिस्टर तळघरात उतरल्या, किल्ल्यांची दोरी बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "मावशी, हातातलं जरा बाजूला ठेवा," आणि मावशीने दचकून वर बघितले. सिस्टर कधीही कोणाला हातातले काम बाजूला ठेवायला सांगत नसत.

रुग्णालयाच्या त्या तळघरात ऑपरेशनची हत्यारे धुऊन यायची. मावशी ती टेबलावर मांडायची, यादीप्रमाणे मोजायची, दुहेरी निळ्या कापडात गुंडाळायची आणि वर टेप लावायची. ही टेप म्हणजे साधीसुधी चिकटपट्टी नव्हे. तिच्यावर फिकट रेघा असतात, आणि पॅक वाफेच्या मशीनमधून बाहेर आला की त्या काळ्या पडतात. काळ्या पडल्या म्हणजे वाफ लागली. सव्वीस वर्षांत मावशीची टेप कधी वाकडी लागली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तिचे नाव ठाऊक नव्हते, पण "टेपमावशीचा पॅक द्या" असे ते हक्काने म्हणत. या नावावर ती चारचौघांत नाक मुरडायची आणि घरी नवऱ्याला मात्र न चुकता सांगायची.

"वरून नियम आलाय," सिस्टर म्हणाल्या. "या खोलीत काम करायचं तर ऑनलाइन कोर्स करायचा. पाच धडे आणि शेवटी परीक्षा. दहा प्रश्न, त्यातले सात बरोबर यायला हवेत. संधी दोनच. शुक्रवारपर्यंत सगळं उरकायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर एक तारखेपासून चादरींच्या विभागात. पगार तोच हो मावशी, काळजी नको. फक्त घड्या घालायच्या."

फक्त घड्या. मावशीला चादरींचे वावडे नव्हते, पण चादरीची घडी चुकली तर कोणाचे काय बिघडते? इथे एक चिमटा कमी पडला तर वर उघड्या पोटाशी माणसे थांबतात. हे टेबल गेले तर आपण कोण, हा प्रश्न तिला त्या क्षणी पहिल्यांदा पडला.

शिवाय ही खोली तिने हाताने घडवली होती. मशीनसमोरच्या स्टीलच्या टेबलावर गरम पॅक निवायला ठेवत, आणि त्या टेबलाच्या बरोबर वर जो पंखा होता तो तर तिचीच करामत. वरून सारखी घाई, आणि पॅक निवता निवेनात. आठ वर्षांपूर्वी तिने इलेक्ट्रिशियनच्या मागे दोन महिने भुणभुण लावून तो पंखा बसवून घेतला. पॅक निम्म्या वेळात हाताळण्याजोगे होऊ लागले. सिस्टरनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. तेव्हापासून पंख्याची पाती पुसायचे काम ती दुसऱ्या कोणाला देत नसे.

आणि खोलीचा एक नियम होता, तो तिच्या हाडीमांसी भिनला होता. ज्याने पॅक बांधला त्याने तो पास करायचा नाही. रजिस्टरात सही दोघांची हवी, एक बांधणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. पंधरा वर्षांपूर्वी मावशीच्याच हातून एक चिमटा कमी गेला होता आणि तेव्हाच्या जोडीदारणीने तो पॅक दारातून परत आणला होता. त्या दिवसापासून मावशीचा स्वतःच्या एकट्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. आता तपासायला 'नवी' असायची. नवीला लागून तीन वर्षे झाली होती, पण तिच्यानंतर कोणी आलेच नाही, मग तिचे नवेपण जायचे कसे?

संध्याकाळी घरी मोबाईल टेबलावर ठेवून मावशी आणि तिचा नवरा समोरासमोर बसले. नवरा निवृत्त बसड्रायव्हर. दिवसभर मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असल्यामुळे या विषयात आपल्याला गती आहे असा त्याचा समज होता.

"हं, लिंक दाब," तो म्हणाला. "घाबरतेस काय? चावतंय का ते?"

लिंक दाबली. नाव, जन्मतारीख, फोटो. फोटोत मावशीचे डोळे मिटलेले आले, पण तिने तोच ठेवला, पुन्हा काढायची हिंमत होईना. मग पासवर्ड. त्यात इंग्रजी मोठे अक्षर हवे, लहान अक्षर हवे, अंक हवा, शिवाय एखादे चिन्हही हवे. चार वेळा लाल अक्षरांत नकार आला.

"एवढ्या अटी तर तुझ्या वडिलांनी मला पसंत करताना घातल्या नव्हत्या," नवरा म्हणाला.

"घातल्या असत्या तर बरं झालं असतं," मावशी म्हणाली, पण तिला हसू येत नव्हते. पुढे मोबाईलवर कोड आला. कोड आला तेव्हा चष्मा सापडेना आणि चष्मा सापडला तोवर कोडची मुदत टळली. तिसऱ्या कोडला दार उघडले. पासवर्ड विसरायला नको म्हणून मावशीने पर्समधली टेप काढली, त्यावर तो ठळक लिहिला, खाली तारीख घातली आणि पट्टी मोबाईलच्या पाठीवर सरळ रेषेत चिकटवली.

"शाब्बास! कुलूप लावलंस आणि किल्ली दारालाच टांगलीस," नवरा म्हणाला.

आत गेल्यावर पहिलेच काम होते, 'सहविद्यार्थ्यांना आपली ओळख करून द्या.' सहविद्यार्थी हा शब्द तिने दोनदा वाचला. कोणा कोणाचे लांबलचक परिच्छेद होते. कोणाला शिकायची आवड होती, कोणाचे आरोग्यसेवा हे स्वप्न होते. मावशीने अर्धा तास टाईप केले आणि खोडले. आठवी शिकलेली बाई या लोकांना काय सांगणार? शेवटी पॅकवर लिहितात तसे तिने लिहिले, 'पॅकिंग टेबल. २६ वर्षे.' आणि खाली तारीख. दुसऱ्या मिनिटाला नवीने त्याला अंगठा दिला. तेवढ्याने मावशीचा जीव थोडा थाऱ्यावर आला.

मंगळवारी संध्याकाळी ती वही घेऊन धड्यांना बसली. व्हिडिओत एक नीटनेटकी बाई हळू आवाजात बोलत होती. पहिला धडा हात धुण्याचा, दुसरा हत्यारे धुण्याचा, तिसरा मशीनच्या तापमानाचा आणि वेळेचा. आकडे आले की मावशी व्हिडिओ थांबवायची, लिहून घ्यायची, मागे न्यायची आणि पुन्हा ऐकायची. तीन धड्यांना दोन तास गेले. चौथा धडा लागला, 'पॅक थंड करणे आणि साठवणे', आणि तेवढ्यात आतून नवरा ओरडला, "अगं, दूध!"

मावशीने मोबाईल फळीवर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि धावली. दूध उतू गेलेच. मग ओटा पुसला, भाजी चिरली. फळीवरची बाई आपली बोलत होती, अर्धे शब्द फोडणीच्या आवाजात बुडत होते. मावशीने मनाशी म्हटले, पॅक थंड करायला काय शिकायचे? त्याला आमच्याकडे पंखा आहे. हात पुसून आली तेव्हा चौथ्या धड्यापुढे हिरवी खूण उमटली होती. ऐकले की नाही हे त्या खुणेला कळत नव्हते, आणि मावशीनेही तिला सांगितले नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ती परीक्षेला बसली. डबा उघडलाच नाही. कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत होते, तीस मिनिटे, एकोणतीस, अठ्ठावीस. तिने त्याच्यावर हात धरून बघितला, पण मग प्रश्नाचा कोपराही झाकला जाई. बाविसाव्या मिनिटाला दहावे उत्तर झाले. खाली निळ्या चौकटीत लिहिले होते, 'सादर करा'.

आणि इथे मावशीने ते केले जे सव्वीस वर्षे करत आली होती. तिने माऊसवरचा हात काढला, खुर्ची मागे सारली आणि दुसरी सही शोधायला निघाली. बांधणाऱ्याने पास करायचे नसते. सिस्टर मीटिंगमध्ये होत्या. नवी वर पॅक पोचवायला गेली होती. मावशी लिफ्टच्या दाराशी उभी राहिली. नवी ट्रॉली ढकलत लिफ्टमधून उतरली तसे मावशीने तिला हाताला धरून आणले, "ये गं, जरा बघून घे, मग दाबते."

पडद्यावर लिहिले होते, 'वेळ संपली. उत्तरे सादर केली नाहीत. गुण ०. उरलेल्या संधी १.'

नवीने तोंडावर हात ठेवला. मावशी ते शून्य बघत राहिली. शाळेतसुद्धा तिला कधी शून्य मिळाले नव्हते.

"मावशी," सिस्टरना कळले तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग तिचा चेहरा बघून थांबल्या, "अहो, परीक्षेत दुसऱ्याकडून उत्तरं तपासून घ्यायची नसतात. त्याला कॉपी म्हणतात."

"मग चूक कोण पकडणार?"

"परीक्षाच पकडते."

हे उत्तर मावशीला पटले नाही, पण वाद घालायला तोंड कुठे होते?

गुरुवारी कामावर पॅक बांधताना ती प्रत्येक हत्यार दोनदा मोजत होती आणि टेपची कडा नखाने पुन्हा पुन्हा दाबत होती. चादरींच्या विभागासमोरून जाताना तिने आत डोकावून बघितले. चार बायका गप्पा मारत घड्या घालत होत्या, सुखात दिसत होत्या, आणि ते बघून तिला रडू आले. घरी येऊन तिने पहिले तीन धडे पुन्हा बघितले, कारण सगळे आकडे त्यांत होते. चौथ्यापुढे हिरवी खूण होती. ती तशीच राहिली.

"शून्याची एवढी काय लाज?" नवरा म्हणाला. थट्टा करायची वेळ नाही हे त्याला कळले होते. "तीस वर्षं बस चालवली मी. दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो. पन्नास माणसं खिडकीतून बघत असतात, मागे हॉर्न वाजत असतात. पण रिव्हर्स घ्यायला लाजला तो ड्रायव्हर कसला?"

"तुमचं बरं आहे. तुम्हाला रिव्हर्स होता."

"सगळ्या गाड्यांना असतो," तो म्हणाला आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. तिने तो खाल्ला नाही.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली. सिस्टर दारात उभ्या राहिल्या, मुद्दाम पाठ करून, म्हणजे उत्तरे दिसली असे कोणी म्हणायला नको. "मी इथेच आहे, मावशी. पण मी बघणार नाही."

दहा उत्तरे झाली. सात मिनिटे उरली होती. निळी चौकट समोर होती आणि मावशीचे बोट काही हलेना. आपण एकटीने बघितलेले, एकटीने बरोबर ठरवलेले, असे या खोलीतून तिने कधी काही बाहेर सोडले नव्हते. चार मिनिटे. तीन. "सिस्टर, दाबू का?" ती म्हणाली. सिस्टर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवायचं." मावशीने डोळे मिटले आणि दाबले.

गुण ७. उत्तीर्ण.

दारापाशी येऊन थांबलेल्या नवीने टाळ्या वाजवल्या. सिस्टरनी प्रमाणपत्राचा कागद छापून दिला, वर मिटल्या डोळ्यांचा फोटो. "मावशी, आता तुमचं टेबल कोणी हलवत नाही," त्या म्हणाल्या. मावशीने कागदाची घडी घालून तो ॲप्रनच्या खिशात ठेवला. काठावर का होईना, पार पडली होती. पण सातावर आनंद मानण्याची तिला सवय नव्हती. दहातली तीन हत्यारे कमी असलेला पॅक ती कोणाला देईल का?

निकालाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती तिने जाता जाता वाचली होती. 'चौथ्या धड्याची उजळणी करावी.' म्हणजे तिन्ही चुका दुधाच्याच.

दुपारी तिने डबा बाजूला सारला आणि आपल्या जागेवर बसून चौथा धडा लावला. या वेळी वही उघडी होती. मशीन नुकतेच उघडले होते. मागे स्टीलच्या टेबलावर अकरा पॅक निवत होते, वर पंखा फिरत होता. त्यातला एक तीन वाजताच्या ऑपरेशनचा होता.

"वाफेतून निघालेला पॅक," ती नीटनेटकी बाई म्हणाली, "थंड धातूच्या टेबलावर ठेवू नये. पंख्याखाली किंवा गार हवेच्या झोतात ठेवू नये. असे केल्यास आतल्या वाफेचे पाणी होते आणि कापड ओलसर राहते. ओलसर कापडातून जंतू आत जाऊ शकतात. टेपच्या रेघा काळ्या असल्या तरी असा पॅक निर्जंतुक मानू नये."

मावशीने व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला. वहीत लिहायचे राहूनच गेले.

कानाशी पंख्याची घरघर होती. पाती स्वच्छ होती, सोमवारीच पुसलेली. टेबल सव्वीस वर्षांचे, पंखा आठ वर्षांचा. रजिस्टरात प्रत्येक पॅकपुढे दोन सह्या होत्या, एक तिची आणि एक दुसऱ्या कोणाची तरी. दुसरीनेही पॅक त्याच टेबलावर, त्याच पंख्याखाली बघितला होता आणि मान डोलावली होती. चार डोळे होते, पण सवय एकच होती.

खिशात प्रमाणपत्र होते. कोणी काही विचारले नव्हते आणि कोणी विचारणारही नव्हते. सोमवारी गुपचूप पंखा बंद ठेवला, नादुरुस्त झाला म्हटले, तर काय बिघडते? हा विचार तिच्या मनात आला, आणि चांगला मिनिटभर राहिला. मग तिला खिडकीतून बघणारी ती पन्नास माणसे आठवली.

ती उठली आणि तिने पंख्याचे बटण बंद केले. एकेक पॅक उचलून त्याच्या पोटाला तळहात लावला. पहिला कोरडा वाटला, दुसराही. तिसऱ्याची टेप तिने ओढून काढली, वरचे कापड सोडले आणि आतल्या कापडावर बोटे टेकवली. बोटे ओली झाली नाहीत, पण त्यांना दमट गारवा लागला. रेघा काळ्याभोर होत्या.

"मावशी, तीनचा सेट कुठेय? वरून फोन आलाय," सिस्टर आत येत म्हणाल्या आणि उघडा पॅक बघून दारातच थबकल्या. "हे काय केलंत?"

मावशीने सांगितले. टेबलाचे सांगितले, पंख्याचे सांगितले, दूध उतू गेल्याचेही सांगितले. सिस्टरनी पुढे होऊन त्या कापडावर आपली बोटे टेकवली, आणि बराच वेळ तिथेच ठेवली.

"कपाटातला दुसरा सेट?"

"तोही याच टेबलावर निवलाय."

"सगळेच?"

"सगळेच."

नवी ट्रॉलीची मूठ धरून उभी होती. तिला दहापैकी दहा मिळाले होते. "मी ते उत्तर बरोबर दिलं होतं," ती पुटपुटली. "पण आपल्या पंख्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"सिस्टर," मावशी म्हणाली, "इतक्या वर्षांत कोणाला काही झालं असेल का हो?"

सिस्टर नाही म्हणाल्या असत्या तर मावशीला ते हवेच होते. पण त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी." मग त्यांनी फोन उचलला आणि वर कळवले की तीनचे ऑपरेशन पुढे ढकला, सेट नव्याने करावा लागेल, कारण काय ते मी येऊन सांगते.

मावशीने हात धुतले. नवीने लाकडी मांडणी ओढून भिंतीशी आणली, पंख्यापासून लांब. अकराही पॅक उघडून हत्यारे पुन्हा धुवायला गेली. मग मावशीने रजिस्टर उघडले. एवढ्या वर्षांत तिने 'परत घेतले' हा रकाना क्वचितच भरला होता. तिने टेपवर लिहिते तशा ठळक अक्षरांत लिहिले.

'अकरा पॅक परत घेतले. कपाटातले घ्यायचे बाकी. कारण, पंखा. बसवून घेणारी, मी.'

खाली तिने सही केली आणि पेन तिथेच ठेवून ती बाजूला झाली. दुसऱ्या सहीचा रकाना रिकामा होता. सिस्टरनी ओळ एकदा वाचली, पेन उचलले आणि तिच्या सहीशेजारी आपली सही केली.